परत पाठवलेली अकरा माणसं

आमच्या बस डेपोच्या स्टोअरच्या खिडकीत मी एकवीस वर्षं बसतोय. खिडकीला जाळी आहे आणि जाळीच्या खाली वीतभर फट. त्या फटीतून मेकॅनिक लोक झिजलेला पार्ट आत सरकवतात. मी त्यावरचं ऑइल पुसून नंबर वाचतो, कार्डाशी ताडून बघतो आणि मागच्या रॅकवरून तोच नंबर काढून देतो. नंबर जुळला की सही. नाही जुळला की "नाही". नोकरीच्या सुरुवातीला मी एकदा "बसेल, बघ जरा ठोकून" असं म्हणून एक पार्ट दिला होता, आणि ती बस साठ माणसांसकट चढावर बसली. तेव्हापासून कुणी कितीही लाडीगोडी लावो, नंबर नाही तर पार्ट नाही. माझ्या या शिस्तीचा मला फार ताठा होता. देवाने तो कसा उतरवला ते सांगतो.

वस्ताद हा आमच्या डेपोतला सगळ्यांत जुना मेकॅनिक आणि माझा सगळ्यांत जुना मित्र. इंजिन चालू करून तो बॉनेटला नुसता तळवा लावायचा आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचा. दिवसभर रॅकांमध्ये असतो म्हणून त्याने माझं नाव "कपाट" ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हाही त्याची चेष्टा थांबली नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला हात जोडून पडायचं, याला तो "ऑइल बदलून येतो" म्हणायचा.

पण दोन वर्षांनी हातांनी दगा दिला. मशीनला रक्त पुरवायला हाताची शीर आणि धमनी शिवून एक जोड करतात. मनगटातला पहिला जोड बंद पडला, कोपरातला दुसराही पडला. तिसरा दुसऱ्या हातात केला. त्या दिवशी डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून साध्या शब्दांत सांगितलं. हा शेवटचा चांगला जोड आहे. हा गेला की मानेत नळी, नळीतून ताप, आणि मग फार दिवस नाहीत. मृत्यूनंतर दान केलेली किडनी मिळायला पाच-सहा वर्षांची रांग होती. जिवंत माणसाने आपल्या दोनातली एक दिली, तरच.

वहिनींना साखरेचा आजार. पोर चौदा वर्षांची. मी दुसऱ्याच दिवशी पोट तपासून घेतलं, तर माझ्या दोन्ही किडन्यांत खडे. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आहेत त्या सांभाळा, तेवढं पुरे. आणि वस्ताद स्वतः कुणाकडे तोंड उघडायला तयार नाही. मी जन्मात कुणाकडे पाना उसना मागितला नाही, किडनी काय मागू, असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मग त्याच्या वतीने मागायचं काम माझ्याकडे आलं.

मागायचं कुठे, तर मला एकच जागा ठाऊक. दर रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीच्या सभागृहात कीर्तन असतं आणि मी तिथे झांज वाजवतो. कीर्तनकार बाईंना मी म्हटलं, दोन मिनिटं मला बोलू द्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि नाही म्हणाल्या. मी तीन वाक्यांत आजार सांगणार आणि चौथ्यात रडणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, आजार राहू दे, माणूस कसा आहे ते सांग.

मी सांगितलं आणि त्यांनी उत्तरार्धात तेच आख्यान लावलं. ना राजा ना राणी. एक डोंगरवाट, बंद पडलेली एक बस, आत चाळीस माणसं आणि बसखाली उताणा पडलेला एक मेकॅनिक. पाच तास तो खाली. वर माणसं कुरकुरतायत, लेकरं रडतायत, कुणी म्हणतंय हा झोपला की काय. मग इंजिन लागतं आणि चाळीस माणसं चाळीस घरी पोचतात. बाईंनी ती घरं एकेक करून गायली. कुठे आई दार उघडते, कुठे ताट वाढलेलं आहे. मी झांज वाजवायची विसरलो. मग त्यांनी चाल अगदी खाली आणली आणि बोलल्यासारखं विचारलं, "त्या चाळिसांपैकी इथे कोणी बसलंय का? बसखालचा तो माणूस आज आडवा पडलाय."

त्याला किडनी हवी आहे, हे कीर्तन संपल्यावर मी दाराशी उभा राहून सांगितलं. त्या रविवारी आणि पुढच्या महिनाभरात मिळून एकोणीस माणसं किडनी द्यायला माझ्याकडे आली. एकोणीस.

आणि मी काय केलं? वही उघडली, कार्ड काढलं. वस्तादचा रक्तगट बी. त्याला बी किंवा ओ चालतो, ए आणि एबी चालत नाही, एवढं मला हॉस्पिटलातल्या समन्वयक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो माझ्यासाठी पार्टाचा नंबर झाला. बी आणि ओवाले आठ जण मी हॉस्पिटलला पाठवले. उरलेल्या अकरांचे हात हातात घेतले, डोळ्यांत पाणी आणून आभार मानले आणि त्यांना परत पाठवलं. नंबर जुळत नव्हता.

त्या अकरांत एक जण होता भिंग.

भिंग म्हणजे आमचा तपासणी अधिकारी. डेपोतून सुटणारी गाडी, तिचे कागद, ड्रायव्हरच्या गणवेशाची बटणं, सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. चूक सापडली की लिहायची, मग ती कुणाचीही असो. सहा वर्षांपूर्वी सकाळच्या गर्दीत वस्तादने एका बसचे ब्रेक दुसऱ्यांदा न तपासता गाडी सोडली. भिंगने लिहिलं आणि वस्तादची बढती वर्षभर लांबली. त्या दिवसापासून कँटीनमध्ये भिंगच्या टेबलावर कुणी बसत नसे. तो एकटाच डबा उघडायचा, एकटाच बंद करायचा.

तो माझ्या खिडकीशी आला तो दोन प्रतींत अर्ज घेऊन. एक प्रत माझ्यासाठी, दुसरीवर त्याला पोच हवी होती. सोबत रक्तगटाचा दाखला. मी गट वाचला आणि खरं सांगतो, देव मला क्षमा करो, मला आतून जरा बरं वाटलं. आयुष्यभर लोकांचे कागद परत करणाऱ्याचा कागद आज मी परत करत होतो.

"साहेब, ए आहे. चालत नाही."

"खात्री आहे?"

"एकवीस वर्षं नंबरच बघतोय."

त्याने दोन्ही प्रती घडीवर घडी बसवून खिशात ठेवल्या आणि निघून गेला. मी मेकॅनिक लोकांना ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. वस्तादला सांगितली तेव्हा तो मात्र हसला नाही. त्याला मशीनवर थंडी वाजत होती, म्हणून नसेल हसला, असं मी धरून चाललो.

मग आठांची गळती सुरू झाली. एकाचा रक्तदाब वर, एकाची साखर. दोघांच्या घरच्यांनी पाय धरले. एकाला तपासणीतच कळलं की त्याला जन्मापासून एकच किडनी आहे, तो मलाच धन्यवाद देऊन गेला. दोघांना डॉक्टरांनी वयावरून थांबवलं. शेवटी राहिली शाळेची गाडी चालवणारी एक बाई, गट ओ, तब्येत दणदणीत. सगळ्या तपासण्या पार पडल्या. अगदी शेवटच्या चाचणीत तिच्या रक्तातल्या पेशी वस्तादच्या रक्तात मिसळून बघितल्या, तर त्याच्या रक्ताने तिच्या पेशींवर हल्ला चढवला. ती बाई हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडीच्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी बाहेर उभा. कुणी कुणाचं सांत्वन करायचं ते कळेना.

सात महिने सरले. त्याच आठवड्यात तिसरा जोड गुठळी होऊन बंद पडला. वस्तादच्या मानेत नळी बसली आणि चौथ्या दिवशी ताप चढला. त्याने मला चेष्टेचं एक वाक्यही ऐकवलं नाही. फक्त म्हणाला, "कपाट, पोरीची परीक्षा होईपर्यंत ताण रे." मी "हो" म्हटलं. काय ताणणार होतो मी?

आता ऐका. दर गुरुवारी आमच्या आणि नदीपलीकडच्या डेपोत पार्टांची अदलाबदल होते. आमच्याकडे त्यांच्या गाड्यांचे काही पार्ट चुकून येऊन पडलेले असतात, त्यांच्याकडे आमचे. तिथली स्टोअरवाली फोन करते, आम्ही तासभर भांडतो आणि एक व्हॅन दोन्हीकडचं सामान फिरवते. त्या गुरुवारीही तिचा फोन आला. माझ्याकडच्या क्लच प्लेटा तिला हव्या होत्या आणि तिच्याकडे आमच्या गाड्यांचे ब्रेक ड्रम धूळ खात होते. मी चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठीवर छापलेले दोनच रकाने असतात. "आमच्याकडे आहे, आमच्या गाडीला बसत नाही." "त्यांच्याकडे आहे, त्यांच्या गाडीला बसत नाही."

पहिला रकाना लिहिता लिहिता माझं पेन थांबलं.

आमच्याकडे आहे, आमच्या गाडीला बसत नाही.

"अरे, आहेस का मेलास?" ती फोनवर म्हणाली.

मी म्हटलं, ताई, सगळे ड्रम तूच ठेव, नंतर बोलतो. खिडकीची जाळी ओढली. एकवीस वर्षांत कामाच्या वेळेत ती पहिल्यांदा बंद झाली. वर्कशॉपमध्ये हातातले पाने खाली पडल्याचे आवाज आले म्हणतात.

समन्वयक मॅडमची खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी होती. आत वाफेचा वास यायचा. मी धापा टाकत विचारलं, की मॅडम, समजा आमच्याकडे एक देणारा आहे पण तो आमच्या माणसाला चालत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडेही असंच आहे, आणि त्यांचा आपल्याला चालतो, आपला त्यांना चालतो, तर असं काही करता येतं का?

त्यांनी ड्रॉवरमधून एक माहितीपत्रक काढलं. तेच त्यांनी मला सात महिन्यांपूर्वी दिलं होतं. पान चौथं उघडून माझ्यासमोर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : अदलाबदल. मी पान दुसऱ्यावर रक्तगटाचा तक्ता मिळाल्यावर पुढे वाचलंच नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "वर्षाला पाच-सहा अशा जोड्या आम्ही लावतो. पण तुम्ही मला बी आणि ओच आणून दिलेत. मला वाटलं, तेवढेच लोक आले."

"बाकीचे मी परत पाठवले."

"किती?"

"अकरा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अकरा माणसं किडनी द्यायला आली आणि तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलंत."

मी माहितीपत्रकाची घडी घालू लागलो.

"कामाला कुठे असता?"

"स्टोअरमध्ये."

"वाटलंच," त्या म्हणाल्या आणि कपाट उघडून एक फाईल काढली.

त्या फाईलीत एक बाई होती, गट ए. तिचा भाऊ नळ दुरुस्तीचं काम करायचा, गट बी. बहिणीला द्यायला तो एका पायावर तयार, पण जुळत नव्हतं. चौदा महिने ती दोघं अशा एका माणसाची वाट बघत होती ज्याचा गट ए आहे आणि जो दुसऱ्या कुणा बीवाल्यासाठी आला आहे. मॅडम म्हणाल्या, तुमच्या अकरांत ए किती? मी वही उघडली. सात.

तीन दिवस मी डेपोतून सुट्टी घेऊन दारं वाजवत फिरलो. एक जण परदेशी नोकरीला गेला होता. एकीला दिवस गेले होते. ती लाजत म्हणाली, ही बातमी अजून सासूलाही सांगितलेली नाही. दोघांचं म्हणणं, वस्तादसाठी म्हणून आलो होतो, अनोळखी बाईला कशी देऊ? मी समजावलं, की तिचा भाऊ वस्तादला देणार, म्हणजे तुम्ही वस्तादलाच दिल्यासारखं आहे. त्यांना ते गणित पटलं, मनाला पटलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. उरलेले दोघे आले, पण पहिल्याच तपासणीत मागे पडले.

सातवं नाव मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

भिंग तिसऱ्या मजल्यावर थोरल्या बहिणीबरोबर राहायचा. दार तिने उघडलं. मी नाव सांगायच्या आधीच तिने आत वळून विचारलं, "काय रे, हाच का तो, तुझा कागद परत करणारा?" आणि मला म्हणाली, "या. सात महिने तुमच्याबद्दलच ऐकतेय जेवताना."

भिंग टेबलाशी बसून चष्मा पुसत होता. मी उभ्याउभ्याच सगळं ओकलो. नंबर, चौथं पान, पलीकडच्या डेपोचे ब्रेक ड्रम, आणि खिडकीत मला झालेला आनंदसुद्धा. ते मी सांगायला नको होतं, पण एकदा सुरू झालं की पूर्ण सांगायचं, ही मला कीर्तनाने लावलेली खोड. शेवटी म्हटलं, "साहेब, चूक माझी होती. तुमचा अर्ज बरोबर होता."

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग हात पुढे करून म्हणाला, "फॉर्म."

अकरा पानांचा संमतीचा फॉर्म त्याने पहिल्या ओळीपासून वाचला. पेन्सिलीने खुणा केल्या. पान सातवर रुग्ण आणि दाता यांच्या जागा उलट्या छापल्या गेल्या होत्या. ती चूक त्या हॉस्पिटलात आजवर कुणाला दिसली नव्हती. बहीण माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवत हळूच म्हणाली, "हा बोहल्यावर चढला असता, तर मंगलाष्टकंही तपासून घेतली असती."

"मी ऐन वेळी माघार घेतली तर?" त्याने विचारलं.

"म्हणून चारही ऑपरेशनं एकाच वेळी करतात. दोन देणारे, दोन घेणारे. चारही जण एकदमच भुलीखाली."

"म्हणजे एकाचं काम होऊन दुसऱ्याला पळता येत नाही."

"नाही."

"हा नियम ज्याने केला त्याला माणसं कळतात," भिंग म्हणाला आणि सही केली.

आता आमच्या वस्तादचं ऐका. मी धावत जाऊन त्याला बातमी दिली, तर तापाने अर्धमेला झालेला हा माणूस उशीवर कोपर टेकून उठला. "भिंगची? माझ्यात?"

"तुझ्यात नाही. तुझ्यात नळवाल्याची. भिंगची त्या नळवाल्याच्या बहिणीत."

तो हसला. आठवड्याभराने हसला, आणि खोकला लागून परत आडवा झाला. मग गंभीर झाला. त्या माणसाला आपण सहा वर्षं एकटं जेवायला लावलं, आता त्याचं पोट कापून घ्यायचं, हे त्याच्या गळी उतरेना. समोरासमोर विचारल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही, असं त्याने सांगून टाकलं. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या दोघांच्या अभिमानापायी माझं कुंकू पुसलं जाणार आहे.

ती भेट मी विसरणार नाही. भिंग गणवेशात आला, सगळी बटणं लावून. स्टुलाच्या कडेवर बसला.

वस्ताद म्हणाला, "साहेब, का करताय? आमच्यापैकी कुणी तुम्हाला कधी चहाही विचारला नाही."

"ब्रेकचा रिपोर्ट मी सोमवारी लिहिला," भिंग म्हणाला. "मंगळवारी सकाळी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. म्हणालात, दुसरी तपासणी मी केली नव्हती, तुम्ही बरोबर लिहिलंत. नोकरीत हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही."

वस्ताद छताकडे बघत आठवू लागला. "मला नाही आठवत."

"माझ्याकडे तारीख आहे."

वस्तादने मानेतली नळी सांभाळत आपला काळवंडलेला हात पुढे केला. भिंगने तो धरला. किती वेळ धरायचा असतो हे त्याला ठाऊक नसावं, कारण परिचारिका ताप बघायला आली तरी त्याने सोडला नव्हता.

पुढे समितीने चौघांनाही वेगवेगळं बसवून विचारलं, कुणी दबाव आणला का, लालूच दाखवली का. भिंगला विचारलं तेव्हा त्याने समितीलाच पान सातची चूक दाखवली. रक्तात पेशी मिसळून बघायची ती शेवटची चाचणी या वेळी दोन्ही जोड्यांची पार पडली. ताप उतरायला बारा दिवस गेले. बारा दिवस मी रोज खिडकी उघडायच्या आधी डोळे मिटून एकच मागणं मागायचो, की इतकं जुळवलंस, आता शेवटचा नट तूच आवळ.

ऑपरेशनच्या सकाळी चार स्ट्रेचर एकापाठोपाठ त्या लांब पॅसेजमधून गेली. वस्ताद, त्याच्यामागे नळवाला, मग नळवाल्याची बहीण आणि शेवटी भिंग. नळवाला आणि वस्ताद आदल्या दिवशी प्रथमच भेटले होते. दोघांनी लगेच पाइपाचे आणि होजचे व्यास यांवर वाद घातला होता. बाकावर वहिनी, पोर, भिंगची बहीण आणि मी. थोड्या वेळाने कीर्तनकार बाईही येऊन बसल्या. हॉस्पिटलात गाता येत नाही म्हणून त्या ओठ मिटून गुणगुणत होत्या. तेवढ्यावर मी सहा तास काढले.

दुपारी सर्जन बाहेर आले. डोक्यावरची टोपी काढत त्यांनी वहिनींना सांगितलं, की वस्तादच्या पोटात बसवलेल्या किडनीत रक्त सोडल्या सोडल्या ती गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवी सुरू झाली. वहिनी मटकन खालीच बसल्या. पोर मला विचारू लागली, काका, हे चांगलंय ना? मी म्हटलं, बाळ, राजाच्या अभिषेकाला एवढं पाणी लागत नाही.

पण नळवाल्याच्या बहिणीच्या पोटातली, म्हणजे भिंगची, किडनी गप्प होती. एक तास, दोन तास. सगळं शिवून झालं, रक्त नीट खेळतंय, रंग चांगला, पण थेंब नाही. नळवाल्याचे म्हातारे वडील पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि आमच्या आनंदाला तोंड वर करायची लाज वाटत होती. एकाचं झालं आणि एकाचं राहिलं, तर ही अदलाबदल कसली? चौथ्या तासाला परिचारिका दारातून डोकावली आणि बोटांनी खूण केली. सुरू झाली होती, आणि धो धो.

भिंगची बहीण डोळे पुसत म्हणाली, "घरीही असाच आहे. आधी सगळे कागद वाचतो, मग कामाला लागतो."

त्या बाकावर इतकं हसलो आम्ही, की वॉर्डातून दोनदा दटावणी आली.

पाचव्या दिवशी वस्तादची लघवीची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, आता स्वतः जायचं आणि जे होईल ते मापात धरायचं. अडीच वर्षांत हा माणूस त्या कामासाठी उभा राहिला नव्हता. तो भिंतीला धरत, पोटावर हात ठेवत गेला आणि आतून कडी लावली. दाराबाहेर आम्ही जमलो. वहिनी आणि पोर. सलाइनचा स्टँड ढकलत आलेला नळवाला. बेल्ट बांधलेल्या पोटाने, पण केस विंचरून आलेला भिंग. बाजूच्या वॉर्डातून नळवाल्याची बहीणही भिंगच्या बहिणीच्या खांद्याला धरून आली. कालच तिने भिंगला विचारलं होतं, मी तुम्हाला काय म्हणू, आणि त्याला उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून आज ती त्याला सरळ "दादा" म्हणत होती.

मी देवाचं नाव घेतलं.

मग आवाज आला. आधी चाचरत, मग धीट, मग एकसारखा. पत्र्याच्या भांड्यात पाण्याची धार पडावी तसा घणघणीत. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. भिंग घड्याळाकडे बघत सेकंद मोजत होता.

नळवाल्याने कान दाराला लावला. आयुष्यभर घराघरांतले पाइप ऐकलेला माणूस तो. मान हलवून म्हणाला, "प्रेशर चांगलंय."

आतून वस्तादचा आवाज आला. तापातला नव्हे, वर्कशॉपमधला. "बाहेर कोण कोण उभं आहे रे?"

वहिनींनी तोंडातला पदर काढला. "सगळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालू द्या."